जिम बीमची बाटली की वाइल्ड टर्कीची?

शोभेच्या बाटल्या जमवायच्या तर हा प्रश्न पडतोच. दोन्ही अमेरिकेतल्या केंटकीच्या बर्बन व्हिस्कीच्या, दोन्ही चिनी मातीच्या. जिम बीमने 1950च्या दशकापासून रीगल चायना या चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीकडून शोभेच्या बाटल्या घडवून घेतल्या: मोटारी, पक्षी, राज्यांचे नकाशे, काय नाही! बीम घराण्याचा दारू गाळण्याचा वारसा थेट 1795पर्यंत जातो. अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर, ज्याचं नाव या बर्बनला आहे त्या सत्तरीच्या जिम बीमने भट्टी पुन्हा उभी केली. पण बाटल्या इतक्या निघाल्या की आज बहुतेक कवडीमोलाने जातात.

वाइल्ड टर्कीने 1971पासून एकच ध्यास धरला, रानटर्की हा पक्षी. पीस न् पीस रंगवलेलं, आणि मुंडकं म्हणजेच बूच. मी हीच घेईन. मालिका पुरी तरी होते. आतली दारू मात्र चाखू नका, जुन्या झिलईतलं शिसं तिच्यात उतरलेलं असू शकतं.