ऑलिव्हवर तोडणीआधी कॅल्शियम: क्लोराईड, नायट्रेट की चिलेट?

ऑलिव्हचं फळ टणक राहावं म्हणून तोडणीआधी झाडावर कॅल्शियम फवारतात. त्यासाठी कोणतं कॅल्शियम घ्यावं हे नंतर पाहू. आधी फळं कुठे जाणार ते ठरवा: बरणीत की घाण्यात?

घाण्याचं लवकर आटोपतं. कॅल्शियम तेलात उतरत नाही. ते गरातच राहतं आणि चोथ्याबरोबर बाहेर पडतं. फायदा झालाच तर आडवाटेने होतो. फळ टणक राहिलं की कमी चेचतं, बुरशीला शिरायला वाट कमी मिळते आणि तेलाची आम्लता वाढत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीच्या तेलात मुक्त आम्लता (सुट्या झालेल्या मेदाम्लांचं प्रमाण) ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही. पण फळं तोडल्या दिवशीच दळली जात असतील, तर मी या फवारणीवर पैसे घालणार नाही. तेच पैसे फळमाशीच्या बंदोबस्ताला लावेन. ढिगात दोन-तीन दिवस पडून राहणाऱ्या मालाला कॅल्शियमपेक्षा लवकर दळणं जास्त उपयोगी.

बरणीच्या फळाची गोष्ट वेगळी. हिरव्या फळाला, विशेषतः मांझानियासारख्या जातीला, तोडताना मुका मार लागला की तिथे तपकिरी डाग उमटतो. पुढे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कडूपणा काढताना गर आणखी सैल होतो. कॅल्शियम पेशींमधल्या पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधून ठेवतं, म्हणून गर आवळून राहतो. यावर कुणी म्हणेल, खारवतानाच मिठाच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराईड टाकू, झाडावर कशाला? त्यात तथ्य आहे. टणकपणासाठी ते खरंच वापरतात आणि त्याचा हिशोब फवारणीपेक्षा सोपा असतो. मात्र तोडणीत बसलेला मार त्याने भरून निघत नाही. हाताने, सांभाळून तोडत असाल तर खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम पुरेसं ठरू शकतं. यंत्राने झाड हलवून तोडत असाल तर फवारणीचा विचार करा.

आता तिघांची तुलना. १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट (स्फटिकात पाणी धरून ठेवणारा प्रकार) टाकलं की सुमारे १३५ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम मिळतं, कारण त्यात ते २७ टक्के असतं. निर्जल (पाणी नसलेल्या) क्लोराईडमध्ये ३६ टक्के असतं, म्हणून लेबल न वाचता जुनंच माप टाकलं तर पानं करपण्याचा धोका वाढतो. तेवढंच कॅल्शियम खताच्या कॅल्शियम नायट्रेटमधून हवं असेल तर सुमारे ७०० ग्रॅम लागतं (त्यात ते १९ टक्के), आणि त्याबरोबर शंभरएक ग्रॅम नत्रही येतं. ईडीटीए चिलेटमध्ये (ईडीटीए या सेंद्रिय रेणूने पकडून ठेवलेलं कॅल्शियम) कॅल्शियम साधारण १० टक्के, म्हणजे जवळपास सव्वा ते दीड किलो माल. चिलेट पानांना सौम्य असतं खरं, पण कॅल्शियमच्या हिशोबाने महागात पडतं.

क्लोराईडची जमेची बाजू म्हणजे ते हवेतली ओल ओढतं. थेंब वाळल्यावरही थर ओलसर राहतो आणि कॅल्शियम जास्त वेळ आत शिरू शकतं. नायट्रेट त्यामानाने लवकर सुकतं. उलट बाजूही हीच: भर उन्हात क्लोराईड पानांच्या कडा जाळतं, म्हणून संध्याकाळी फवारा. नायट्रेटबाबत माझी तक्रार वेगळी आहे. झाडात नत्र आधीच भरपूर असेल तर आणखी नत्राने तेलातले पॉलिफेनॉल (तेलाला कडवट-तिखट चव देणारे आणि ते टिकवणारे घटक) घटतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, झाड नत्राला भुकेलं असताना नायट्रेट, आणि पुढे तोडणीपर्यंत क्लोराईड, असं मी करेन.

फवारा मात्र पानांवर नाही, फळांवर बसला पाहिजे. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिथे, म्हणजे पानांत, जाऊन बसतं. तिथून ते फळाकडे परत वळत नाही, हीच खरी पंचाईत. शिवाय फळ वाढतं तसा सालीवरचा मेणाचा थर जाड होतो. म्हणून तोडणीच्या आठवडाभर आधी एकदाच जाड फवारा मारण्यापेक्षा, कोय टणक व्हायला लागल्यापासून तीन-चार हलके फवारे बरे. सोबत चांगलं स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणून मिसळायचं द्रव्य) घ्या. मेणावरून थेंब ओघळून गेला तर खर्च मातीत जातो.

टाकीत मॅग्नेशियम सल्फेट किंवा फॉस्फेटचं खत मिसळू नका. सल्फेटने जिप्सम होतं, फॉस्फेटने तसाच न विरघळणारा गाळ, आणि नोझल तुंबल्यावर ते कळतं. जमिनीला पाण्याचा ताण पडला असेल तर आधी सिंचन सुधारा.

पहिल्या वर्षी दोन-तीन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवा. त्यांची आणि फवारलेल्या ओळींची फळं वेगवेगळ्या बरण्यांत, एकाच खाऱ्या पाण्यात घाला आणि दोन महिन्यांनी दातांनी तपासा.