गाडी खाली केल्यावर टायर आतून खातोय: नुसता टो, कँबर बोल्ट, कँबर प्लेट की स्ट्रट वाकवणं?

लोअरिंग स्प्रिंग टाकून माझी स्विफ्ट ३० मिमी खाली आली तेव्हा ती मला फार देखणी वाटली होती. काही महिन्यांनी सर्व्हिसिंगसाठी पुढची चाकं काढली, तर बाहेरची नक्षी जवळपास नवी आणि आतली कड गुळगुळीत. उभ्या गाडीकडे पाहून हे कळत नाही. म्हणून गाडी खाली करून घेतली असेल तर आजच स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा.

हात फिरवताना दोष कुठला तेही बरंच कळतं. एका दिशेने फिरवताना मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो (वरून पाहिलं तर चाक सरळ दिशेपेक्षा आत किंवा बाहेर वळलेलं असणं) बिघडलाय. आतली कड नुसतीच सपाट झिजली असेल, तर कँबरवर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक वरून आत किंवा बाहेर कलण्यावर, संशय घ्या. बहुतेकदा दोन्ही एकत्र असतात, आणि लोक दोष कँबरला देतात, कारण चाक वरून आत कललेलं डोळ्यांना दिसतं. टायर खरा खातो तो टो. एक चाक सरळ दिशेपेक्षा अर्धा अंश जरी तिरकं असेल, तरी दर किलोमीटरमागे ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. पुणे ते कोल्हापूर जाऊन या आणि हिशेब करा.

स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत बाहेरच्या बाजूला उतरता असलेला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) गाडी खाली आल्यावर आडवा होतो आणि चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलतो. त्यामुळे वरचा भाग आत कलतो, म्हणजेच निगेटिव्ह कँबर वाढतो. त्याच वेळी टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून टो सरकतो.

पहिला पर्याय, नुसता टो. टाय रॉडवरून तो प्रत्येक गाडीत जुळवता येतो, वेगळा पार्ट लागत नाही. अलाइनमेंटच्या छापील रिपोर्टवर पुढचा कँबर उणे दीड अंशाच्या आत असेल आणि डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नसेल, तर रोजच्या वापराला एवढं पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. टायर वेळेवर आलटून-पालटून लावत राहा.

कँबर किंवा फरक याहून जास्त असेल तर आपल्याकडे सर्वात आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘कँबर करेक्शन’. हायड्रॉलिक जॅकचा दाब देऊन गाडीवरच स्ट्रट वाकवतात. मशीनवर आकडा हिरवा होतो, खर्च किरकोळ, काम झटपट. मी एकदा करून घेतलं आणि काही दिवसांत त्या बाजूच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. जॅकचा जोर फक्त ब्रॅकेटवर येतो असं नाही, तो शॉकअपच्या नळीवर आणि बेअरिंगवरही येऊ शकतो. शिवाय लोखंड एकदा वाकवलं की पुढच्या वेळी मोजूनमापून जुळवायला काही उरत नाही. हा पर्याय घेऊ नका.

त्यापेक्षा कँबर बोल्ट घ्या. स्विफ्टमध्ये स्ट्रट आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतात. त्यातला एक काढून त्याजागी विकेंद्री (मध्य एका बाजूला सरकवलेला) बोल्ट टाकला, की तो फिरवून साधारण एक ते दीड अंश कँबर परत आणता येतो. हा बोल्ट मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, म्हणून तो उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोरावरच) आवळला पाहिजे. मोठा खड्डा बसला तर सरकूही शकतो. पण काढता येतो, बदलता येतो आणि शॉकअपला हात लागत नाही. मी शेवटी हेच केलं आणि आजही समाधानी आहे.

बोल्ट प्रत्येक गाडीला चालत नाही. स्कोडा लॉरामध्ये स्ट्रट नकलमध्ये चिमट्यासारखा पकडलेला असतो, तिथे दोन बोल्टच नाहीत. पुढे सबफ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) सरकवून डावं-उजवं सारखं करता येतं, पण एका बाजूचा कँबर कमी होतो तेवढा दुसऱ्या बाजूचा वाढतो. मागे मात्र लॉरात मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळे दांडे) आहे आणि कँबर, टो दोन्ही जुळवायची मूळचीच सोय आहे. म्हणून तिथे चारही चाकांची अलाइनमेंट आग्रहाने करून घ्या. स्विफ्टच्या मागच्या टॉर्शन बीमला (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला) अशी सोय नाही, पण गाडी थोडी खाली गेल्याने तिथे फारसं बिघडतही नाही.

कँबर प्लेट स्ट्रटच्या वरच्या माउंटच्या जागी बसते. ट्रॅकवर जाणाऱ्याला ती हवीच, कारण कँबर पटकन बदलता येतो. रोजच्या रस्त्यावर मात्र रबराऐवजी धातूचं बेअरिंग असलेली प्लेट प्रत्येक खड्डा केबिनमध्ये ऐकवते, आणि पावसाळ्यातल्या चिखलात ते बेअरिंग लवकर वाजायला लागतं.

काहीही निवडलंत तरी क्रम चुकवू नका. आधी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासा, कारण ते ढिले असतील तर जुळवलेला कोन टिकणार नाही. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर कायम पीळ खाऊन फाटतं. कँबर आधी आणि टो शेवटी, कारण कँबर हलला की टोही हलतो. नवी स्प्रिंग बसल्यावर लगेच टो जुळवा, सुमारे ५०० किमीनंतर स्प्रिंग स्थिरावली की पुन्हा अलाइनमेंट करा आणि नवे टायर त्यानंतरच घाला. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशनही त्याच वेळी करून घ्या.