झाड छाटल्यावर कापावर लावायची सीलिंग पेस्ट : 9 महिने वापरल्यावर

मध्यंतरी माझ्या जेडच्या (जाड गरदार पानांचं झाड) सगळ्यात मोठ्या कापावरची पेस्ट नखाने उचकटली आणि खालून तपकिरी पाणी आलं. वासही आला, आंबूस कुजका. वरून बघाल तर पेस्ट टणटणीत, एक भेग नाही, रंग सालीशी इतका जुळलेला की काप कुठे होता ते शोधावं लागेल. आणि आत दीड बोट खोल नुसता लगदा. मनगटाएवढं जाड खोड आहे ते, मी एका पानापासून वाढवलेलं. म्हणून हे लिहायला बसलेय, आणि राग आलाय हे आधीच सांगते.

ट्यूबवर काय लिहिलंय, किती वेळात सुकते, ब्रशने लावायची की बोटाने, हे तुम्ही वाचलं असेलच, त्यात जात नाही.

घेतली का, तर छाटणीनंतरचा उघडा काप मला बघवत नाही. सक्युलंट, म्हणजे अंगात पाणी साठवणारं गरदार झाड, कापलं की आतला ओला हिरवा गर दिसतो, पाणी चकाकतं, आणि आपल्याला वाटतं आता यातून सगळं पाणी जाणार, किडे जाणार, बुरशी जाणार, काहीतरी झाकायला पाहिजे. व्हिडिओत लोक मेणबत्तीचं मेण ओततात, कोणी पांढरा गम लावतं, कोणी नेलपॉलिश. मेण तर मला पटलंच नाही, वितळलेलं गरम मेण ओल्या गरावर म्हणजे भाजणंच की. मग वाटलं त्यापेक्षा खास कापासाठीच बनवलेली वस्तू घेऊ.

पहिले दोन महिने मी खुश होते. तेव्हा लिहिलं असतं तर भरभरून कौतुक केलं असतं. जेडच्या सहापैकी तीन काप, एक उभा खांबासारखा वाढणारा सेरियस कॅक्टस, दोन एकेवेरिया (गुलाबासारखा पानांचा गुच्छ असलेली), एक अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड), एक चिकाचा युफोर्बिया, एवढ्यांवर वापरली. तासाभरात वरचा थर सुकतो, पाण्याने धुऊन जात नाही, झाड नीटनेटकं दिसतं. तिसऱ्या महिन्यात ट्यूबमधली निम्मी पेस्ट घट्ट होऊन बसली, झाकण घट्ट लावूनही, तेही मी सहन केलं, टाकून देववेना म्हणून टोकाकडचं कापून काडीने काढून काढून वापरली.

पण रंग! माझी खरी तक्रार रंगाची आहे आणि मी ती परत परत करणार आहे. हा गडद तपकिरी रंग मुद्दाम दिलाय, सालीत मिसळून जावा म्हणून, जाहिरातच त्याची आहे. अहो पण काप दिसायला हवा ना! आपल्याकडे दुसरं साधन काय आहे? काप सुकतोय का, कडेने काळा पडतोय का, मध्ये ओलसर राहिलाय का, हे डोळ्यांनी बघूनच कळतं. पेस्ट लावली की ते बंद. सहा महिने मी रोज त्या जेडसमोर उभी राहून पाणी घालायचं की नाही ठरवत होते आणि आत काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. पारदर्शक केली असती तर मी दुसऱ्या आठवड्यातच पकडलं असतं. निदान पांढरी तरी करायची, खालून ओल वर आली तर डाग दिसला असता.

आता जेडचे सहा काप सांगते. माझ्या हातून एक बरं झालं, तीन कापांना पेस्ट लावली आणि तीन तसेच सोडले, कारण ते आतल्या बाजूला होते आणि ब्रश पोचत नव्हता. लेबलवर तारीख मात्र सगळ्यांची लिहिली होती. उघडे तीन : चौथ्या दिवशी वर पातळ कोरडी कातडी, दहाव्या दिवशी बोटाने दाबलं तरी कडक, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत वरचा छोटा खुंट पेराच्या रेघेपर्यंत सुकून आपोआप गळून पडला. जेड हे स्वतःच करतं, खोडावर ज्या गोल रेघा दिसतात ना, जुनी पानं जिथे होती त्या, त्या रेघेच्या थोडं वर कापायचं, वरचा तुकडा झाड स्वतः सुकवून टाकून देतं आणि रेघेपाशी फुटवे येतात. पेस्टवाले तीन : एक ठीक, एक खाली मऊ, आणि तिसरा हा मोठा, ज्याचं वर सांगितलं. बारीक फांदीचं निभावलं, जाड कापाचं नाही. जाड कापात पाणी जास्त, ते बाहेर जायला वाट नाही.

थोडं वाचलं, थोडं एका काकांनी सांगितलं, ते बरीच वर्षं कॅक्टस वाढवतात. त्यांनी फोटो बघितला आणि पहिलाच प्रश्न, "कापल्यावर किती दिवसांनी लावलीस?" मी म्हटलं लगेच, ट्यूबवर लगेच लावा लिहिलंय. ते म्हणाले, "अगं, खपली धरू द्यायची आधी. ओल्यावर झाकण कशाला घातलंस?"

खपली हा शब्द अगदी बरोबर आहे. काप दिल्यावर वरच्या फाटलेल्या पेशी मरून सुकतात, आणि त्यांच्या खालच्या जिवंत पेशी आपल्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ भरतात, बाटलीचं बूच ज्या सालीचं असतं तिच्यातही तोच असतो. मग त्याच्याखाली नवीन सालीचा थर बनतो. म्हणजे झाड स्वतःचं सील स्वतः बनवतं, आणि त्यासाठी त्याला मोकळी हवा लागते, सक्युलंटच्या बाबतीत कोरडेपणा आणि ऊबही. आपण वरून रबरासारखा थर दिला की गराचं पाणी तिथेच अडकतं, आणि कापताना ब्लेडवरून किंवा हवेतून आलेले जंतू त्या पाण्यात आयते राहतात. पेस्ट जंतूंना बाहेर ठेवते असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात तिने त्यांना आत कोंडलं.

आणि पाणी उडून जाईल ही जी भीती होती ना, ती सक्युलंटला फारशी लागूच नाही. यांची त्वचा जाड मेणचट, आणि श्वासाची छिद्रं यातली बहुतेक झाडं दिवसा मिटून रात्री उघडतात, पाणी वाचवायला. कॅक्टसचा कापलेला तुकडा सावलीत महिनाभर नुसता पडून राहिला तरी थोडा सुरकुततो, मरत नाही. मला हे माहीत होतं, कटिंग, म्हणजे नवीन झाडासाठी कापलेला तुकडा, मी नेहमी सुकवूनच लावते, मग मूळ झाडाच्या कापाला वेगळा नियम का लावला कोण जाणे.

कंपनीला लिहिलं. तीन फोटो पाठवले, आधीचा, पेस्ट काढल्यावरचा, आणि लगद्याचा. उत्तर आलं : थर पातळ झाला असेल, दोनदा लावा, जाड लावा. मी परत लिहिलं की माझा थर जाडच होता, प्रश्न खाली ओल अडकण्याचा आहे, आणि ट्यूबवर सक्युलंटसाठी चालते असं लिहिलंय ते कशाच्या आधारावर. मग बॅच नंबर मागितला, दिला, त्यानंतर काही नाही. मला पैसे परत नकोत, ट्यूबवर एक ओळ हवी आहे, "सक्युलंटचा काप पूर्ण सुकल्यावरच लावा". एवढी ओळ असती तर माझं जेड कुजलं नसतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आता दोन दिवसांनी पुढे लिहितेय, कारण मत थोडं बदललंय आणि ते न सांगणं चुकीचं होईल. राहिलेल्या सगळ्या पेस्ट खरवडून बघितल्या. सेरियसचा काप, जो सगळ्यात रुंद होता आणि ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, तो आतून ठणठणीत निघाला. कडक, करड्या रंगाचा, ओलीचं नाव नाही. हे कसं काय म्हणून लेबल बघितलं तर लक्षात आलं, तो मी ट्यूब यायच्या आधीच कापला होता, पेस्ट बाराव्या दिवशी लावली. आणि तो कॅक्टस उघड्यावर असतो, नंतर बरेच दिवस पाऊस झाला, कापावर पाणी साचून राहिलं असतं ते पेस्टमुळे राहिलं नाही. म्हणजे वस्तू वाईट आहे असं नाही. खपली धरल्यावर पावसापासून आडोसा म्हणून ती काम करते. पण मग हेही आहे की तोच काप मी तिरका दिला असता तर पाणी आपोआप ओघळलं असतं आणि पेस्टची गरजही पडली नसती. उभ्या कॅक्टसचा मूळ खुंट नेहमी तिरका कापावा, हे मी आता शिकले.

मग या पेस्ट बनवतात तरी कशासाठी? त्या मुळात लाकूड धरणाऱ्या झाडांसाठी आणि बोन्सायसाठी आहेत. तिथे सालीखालचा जो पातळ जिवंत थर असतो तो सुकू नये आणि कडेने गोल वळत जखमेवर चढावा म्हणून कडा ओलसर ठेवतात. सक्युलंटला पाहिजे नेमकं उलटं. आणि मोठ्या झाडांतही जखमेवर काही लावल्याने कूज थांबते यावर विश्वास राहिलेला नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी झाडं चिरून चिरून अभ्यास केला आणि 1977 मध्ये जे मांडलं त्याचा अर्थ असा की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते जखमी भागाभोवती भिंती घालून त्याला वेगळा पाडतं. हे वाचल्यावर मला जेडचं ते खुंट सुकवून टाकणं एकदम कळलं.

युफोर्बियावर तर पेस्ट टिकलीच नाही. कापल्या कापल्या पांढरा चीक येतो, तो पेस्टला खालून ढकलून देतो, अर्धी पेस्ट चिकासकट खाली ओघळली. तो चीकच त्याचं सील आहे, सुकला की थर बनतो. फार वाहत असेल तर गार पाण्याचा स्प्रे मारायचा, थांबतो. पण हातमोजे घाला आणि डोळ्याला हात अजिबात लावू नका, युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते. अडेनियमचा रसही विषारी आहे, तिथेही हात धुवा. अडेनियमचा काप ठीक राहिला पण मी तो उन्हाच्या दिवसांत, झाड जोरात वाढत असताना घेतला होता, त्यामुळे श्रेय पेस्टचं की उन्हाचं, मी उन्हालाच देईन. एकेवेरियाचं डोकं कापून जो खुंट राहतो त्यावर कशाचीच गरज नाही, दोन्हींवरची पेस्ट मी चौथ्या दिवशीच सोलून काढली होती कारण पानांना लागत होती, दोन्हींना बाजूने पिल्लं आली.

आता मी गंधकाची पूड वापरते. नुसती भुरभुरवायची, जास्तीची झटकायची. गंधक बुरशीला अटकाव करतं, आधीच लागलेली कूज बरी करत नाही, त्यामुळे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. पण मला ती आवडली त्याचं कारण परत तेच, दिसतं! पूड हवा अडवत नाही, आणि खाली ओल असेल तर त्या जागी पिवळा रंग गडद होतो, लांबून कळतं. श्वासात आणि डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि कडक उन्हात, साधारण 32 अंशांच्या वर, लावून झाड उन्हात ठेवू नका, भाजतं. दालचिनीची पूडही लोक वापरतात, मीही वापरली, छोट्या कापांना ठीक आहे, पण कटिंगच्या ज्या टोकाला मुळं यायची असतात तिथे मी टाळते.

जेडचं सांगायचं राहिलं. थोडं थोडं खाली कापत गेले, चार वेळा, प्रत्येक वेळी ब्लेड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कारण न पुसता खाली गेलं तर कूज आपणच खाली नेतो. प्रत्येक चकतीत तपकिरी ठिपके होते, चौथ्या कापाला गर पूर्ण स्वच्छ हिरवट पांढरा दिसला तेव्हा थांबले. झाड आता आधीच्या निम्मं आहे. पाणी बंद, सावलीत वारा लागेल अशा जागी, वर गंधक आणि बाकी काही नाही. आज अकरावा दिवस, खपली कडक आहे, पूड पिवळीच आहे.

तुमच्यापैकी कोणी ओल्या कापावर अशी पेस्ट लावली असेल, विशेषतः अंगठ्यापेक्षा जाड फांदीवर, तर आजच अंगठ्याने दाबून बघा. कडक लागलं तर राहू द्या. जरा जरी दबलं तर वाट बघू नका, उचकटा, आत काय आहे ते बघा आणि स्वच्छ गर दिसेपर्यंत कापा. ट्यूब उरली असेल तर फेकू नका, अडेनियमचं कलम करता तेव्हा जोडावर लावायला ठेवा, तिथे जोड सुकू द्यायचा नसतो. माझी उरलेली त्यासाठीच ठेवलीय, अजून काडीने निघतेय.