क्लासिक ३५० चा कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवले: सात महिन्यांनंतर

माझी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ही २०१४ सालची, म्हणजे कार्ब्युरेटरवर (हवेच्या ओढीने तिच्यात पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागावर) चालणारी गाडी आहे. या मॉडेलला कंपनीकडून इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारण्याची इलेक्ट्रॉनिक सोय) मिळाले ते बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या वेळी, २०२० मध्ये. गेल्या नोव्हेंबरमध्ये मी साताऱ्यातल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून तिचा कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवून घेतले, आणि त्यानंतर ६,२०० किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर हे लिहीत आहे.

नवी गाडी का घेतली नाही, हा प्रश्न घरच्यांपासून पेट्रोलपंपावरच्या मुलापर्यंत सर्वांनी विचारला. ही गाडी मला विकायची नव्हती, एवढेच त्याचे खरे उत्तर आहे. मात्र कारण केवळ हौसेचे नव्हते. पंपावर आता ई-२० मिळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्या या ई-२० ला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरच्या जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचे) भोक मात्र जुन्या इंधनाच्या हिशेबानेच पाडलेले असते, त्यामुळे मिश्रण लीन होते (पेट्रोल कमी, हवा जास्त), सकाळी गाडी चोकशिवाय उभी राहत नाही आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फटाफट वाजतो. एक नंबर मोठे पायलट जेट (थ्रॉटल मिटलेला असताना पेट्रोल देणारे) टाकून पाहिले. सकाळचा त्रास कमी झाला, पण गरम गाडी सिग्नलला अडखळू लागली.

इंजेक्शन म्हणजे कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी (हवा सोडणारी झडप) आणि इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणारा भाग), असे मलाही वाटत होते. प्रत्यक्षात तो भाग एका दुपारी बसला आणि उरलेले सगळे काम टाकी, वायरिंग आणि सेन्सर यांचे निघाले. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसत्या उतारावर येते. इंजेक्टरला ते सुमारे तीन बार दाबाने द्यावे लागते, त्यामुळे पंप, प्रेशर रेग्युलेटर, बारीक फिल्टर आणि जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी एवढा पसारा वाढतो. साधी पेट्रोलची नळी या दाबाला टिकत नाही, ती इंजेक्शनसाठीचीच घ्यावी लागते. इथे पैसे वाचवणे म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची पिचकारी मारून घेणे. परतीच्या नळीसाठी टाकीला निपल जोडायचे होते. टाकी रिकामी करून, धुऊन, पाण्याने भरूनच ते ब्रेझिंग केले गेले. ‘‘साहेब, इंजेक्टरला गंज चालत नाही, टाकी आधी आतून बघू,’’ असे मेकॅनिक म्हणाले होते ते मी फारसे मनावर घेतले नाही. पहिल्या महिन्यानंतर फिल्टर उघडून पांढऱ्या कागदावर आपटला, तेव्हा त्यातून चहाच्या बारीक पत्तीसारखा चमचाभर तांबूस चुरा पडला. आतापर्यंत तीन फिल्टर बदलले; तिसरा जवळजवळ स्वच्छ निघाला.

विकत घेतलेल्या इंजेक्शन किटमधला ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) स्पीडुइनो या ओपन-सोर्स प्रणालीवर आधारित आहे. स्पार्कचे काम मूळ युनिटकडेच ठेवले आहे. ईसीयू फक्त पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) इग्निशन कॉइलच्या वायरीवरून मोजतो. ही सोय वाटते तितकी निरुपद्रवी नाही. पहिले दोन आठवडे गाडी ३,२०० आरपीएमच्या आसपास उचकी दिल्यासारखी अडत असे. लॅपटॉपवर नोंद पाहिली, तेव्हा त्या क्षणी आरपीएमचा आकडा एकदम ९,००० वर उडी मारून परत येताना दिसला. इंजिन अर्थातच तेवढे फिरत नव्हते. स्पार्कचा विद्युत गोंगाट ईसीयू फेरे म्हणून मोजत होता आणि जास्तीचे पेट्रोल ओतत होता. शिल्डेड वायर टाकून ती कॉइलपासून दूर फिरवली आणि या इंजिनाला दोन प्लग असल्याने दोन्ही प्लगच्या टोप्या रेझिस्टरवाल्या घातल्या, तेव्हा तो त्रास गेला.

खरा वेळ खाल्ला तो ट्यूनिंगने. चार सिलिंडरच्या कारमध्ये मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब बऱ्यापैकी स्थिर असतो आणि त्यावरून इंजिनात हवा किती जाते याचा अंदाज करता येतो. एका सिलिंडरच्या गाडीत तो दाब इनटेक व्हॉल्व्ह उघडला की कोसळतो आणि मिटला की पुन्हा बाहेरच्या हवेच्या जवळ चढतो. कोणत्या क्षणीचा आकडा खरा मानायचा, यावर सगळे अवलंबून असते. आम्ही शेवटी थ्रॉटल किती उघडला आहे आणि आरपीएम किती आहे, या दोन गोष्टींवरच मुख्य तक्ता बेतला आणि बाहेरच्या हवेच्या दाबाची दुरुस्ती वेगळी जोडली. त्या तक्त्यातला एकेक चौकोन भरण्यासाठी मेकॅनिकांचा भाचा मागे बसून, पाठीवरच्या सॅकवर लॅपटॉप उघडा ठेवून, मेढ्याच्या रस्त्यावर सहा संध्याकाळ माझ्याबरोबर फिरला. सायलेन्सरच्या बेंड पाइपला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण कसे आहे ते सांगणारा) होता. तो आडवा बसवू नये, थोडा वर तिरपा ठेवावा, म्हणजे पाइपात साचलेले पाणी त्यात शिरत नाही. किट विकणाऱ्याने दिलेला ‘तयार मॅप’, म्हणजे आधीच भरलेला तक्ता, इतका रिच (पेट्रोल जास्त असलेला) होता की पहिल्याच दिवशी प्लग काजळीने काळेकुट्ट निघाले. तयार मॅपच्या भरवशावर कोणी किट घेत असेल, तर त्याने घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन.

आता फायदा. डिसेंबरच्या पहाटे, चोक नसताना, गाडी पहिल्या सेल्फला उभी राहते आणि हेडवरच्या तापमान सेन्सरप्रमाणे जास्तीचे पेट्रोल हळूहळू कमी होत जाते. या एका गोष्टीवर मी अजूनही खूश होतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटरच्या आसपास उंची कमी होते आणि ईसीयूमधला हवेचा दाब ८६ किलोपास्कलवरून शंभरापर्यंत जातो. पूर्वी वर आयडल (थ्रॉटल मिटलेला असतानाचा इंजिनाचा वेग) घसरायचे आणि पेट्रोलचा वास यायचा, तो आता येत नाही. अर्थात आपल्या घाटांच्या उंचीला कार्ब्युरेटरही फार बिचकत नव्हता, त्यामुळे केवळ घाटासाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. पीयूसीला आयडलवरचा कार्बन मोनॉक्साइड २.६ टक्क्यांवरून ०.९ वर आला. माझ्या गाडीच्या काळातील मर्यादा ३.५ आहे.

अ‍ॅव्हरेज ३४ वरून ३७ झाले. टॉप स्पीडमध्ये मला काहीही फरक जाणवला नाही. एकूण खर्च ४१,७०० रुपये झाला. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, तर साधारण चोवीस लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे अडीच हजार रुपये. सोळा-सतरा वर्षांत पैसे वसूल होतील. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये त्याच गाडीला कार्ब्युरेटर लावून ती स्वस्तात विकली, त्यामागचे गणित आता मला जास्त चांगले कळते.

चालवण्यातला एक बदल मात्र सर्वांना रुचेल असे नाही. जुन्या कार्ब्युरेटरमधला, व्हॅक्यूमवर उचलला जाणारा स्लाइड थ्रॉटलचा झटका पचवून घेत असे. थ्रॉटल बॉडी तो सरळ चाकापर्यंत पोचवते. दुसऱ्या गिअरमध्ये, मोती चौकातल्या गर्दीत, गाडी किंचित हिसके देते. थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल पूर्ण तोडण्याची सोय आम्ही १,८०० आरपीएमच्या खाली बंद केली, तेव्हा ते सुसह्य झाले.

दोन गोष्टी खऱ्या अर्थाने अडचणीच्या ठरल्या. मे महिन्यातल्या एका रविवारी पसरणी घाटात पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग तासभर सरकत होती. पंप तेव्हा टाकीखाली, इंजिनाच्या हेडजवळ बसवलेला होता. त्याची घरघर हळूहळू बारीक आणि चिरकी झाली आणि गाडी बंद पडली. पंपाला बोट लावून ठेवता येत नव्हते. आतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. ओला रुमाल गुंडाळून वीस मिनिटे कठड्याशी थांबल्यावर ती सुरू झाली. नंतर पंप इंजिनाच्या धगीपासून दूर, मागच्या मडगार्डाच्या पुढे खाली हलवला आणि पेट्रोल कॉकचे बारीक भोक पंपाला पुरत नाही असे दिसल्याने कॉक काढून सरळ मोठे निपल लावले. त्यामुळे रिझर्व्ह गेला. आता टाकी किती भरली आहे ते किलोमीटर मोजूनच ठरवावे लागते.

दुसरी अडचण बॅटरीची. पूर्वी बॅटरी बसली तरी किक मारून गाडी निघत असे. आता पंप आणि ईसीयूला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत, तर कितीही किक मारा, इंजेक्टर थेंबभरही सोडत नाही. हे मला चाफळला, देवळासमोर, बऱ्याच लोकांसमोर कळले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असे फेरफार करता येत नाहीत. माझ्या गाडीचे इंजिन, सीसी आणि इंधन तेच आहे, तरी एवढ्यावर सर्व ठीक आहे असे गृहीत न धरता आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे आधी विचारणा करावी. मी ती काम झाल्यावर केली, हे चुकलेच.

मेकॅनिकांच्या भाच्याला पुण्यात नोकरी लागली आहे आणि साताऱ्यात या गाडीचा तक्ता वाचू शकणारे दुसरे कोणी मला माहीत नाही. त्याने जाण्याआधी शेवटच्या मॅपची फाइल पेनड्राइव्हवर दिली आणि वायरिंगचा नकाशा रंगांसह काढून लॅमिनेट करून दिला. ते दोन्ही आता टूलबॉक्समध्ये असतात. आणि मूळ कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि कॉक पेट्रोलने धुऊन, तेल लावून, माळ्यावर प्लास्टिकच्या डब्यात ठेवले आहेत.