१५ लिटरचा गीझर : बोअरच्या पाण्यावर किती टिकतो?

२ किलोवॅट, काचेचा लेप दिलेली टाकी, ८ बारपर्यंत दाब सोसणारी.. बेळगावच्या हिवाळ्यात चौघांच्या घराला हा गीझर पुरतो. २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात; बंब पेटवायच्या मानानं सोय मोठीच.

टिकण्याचा प्रश्न मात्र पाण्यावर ठरतो. राकसकोप किंवा हिडकल जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर टाकी आठ-दहा वर्षं सहज चालावी. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असेल तर कॉइलवर पांढरा क्षार चढतो, उष्णता आतच कोंडते आणि कॉइल जळते. तापताना खदखद आवाज येऊ लागला की क्षार साठला असं समजा.

यातला खरा रखवालदार म्हणजे मॅग्नेशियमची कांडी. टाकीऐवजी तीच गंजते. ती संपली की लेपाच्या बारीक तड्यांतून लोखंड गंजायला लागतं, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. म्हणून बोअरवाल्यांनी दरवर्षी उघडून बघावी: मेन स्विच बंद, पाणी थंड होऊ द्या, इनलेट बंद, टाकी रिकामी, मग खालची प्लेट काढा. कांडी निम्म्याहून बारीक दिसली तर बदला. रबरी गॅस्केट जुनं परत बसवू नका, तिथूनच ठिबकतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना थोडा ठिबकला तर ठीक. त्याचं तोंड कधीही बुजवू नका, टाकी फुटू शकते. सॉकेट १६ अँपिअरचंच हवं, अर्थिंगसकट.

नळाच्या पाण्यासाठी बिनधास्त घ्या. जड बोअरसाठी कांडी सुटी मिळते का, हे दुकानात आधी विचारा.