मिंट बुश: मेलबर्नच्या काळ्या मातीत एप्रिल ते फेब्रुवारी

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत राहत असाल तर आधी हे ऐका. मिंट बुश हे पुदिन्याच्या वासाचं झुडूप जरूर घ्या, पण कलमी रोप घ्या आणि सपाट जमिनीत खड्डा खणून लावू नका. इथली माती बेसाल्टची, थेट आपल्या देशावरच्या काळ्या मातीच्या वळणाची: पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. हे झुडूप मात्र मूळचं आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या खडकाळ उतारांवरचं. तिथे पाणी थांबतच नाही. मुळाशी ओल साचून राहिली की फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज लागते आणि चांगलं हिरवंगार झाड बघता बघता वाळतं.

म्हणूनच नर्सरीवाले वेस्ट्रिंजिया नावाच्या झुडपाच्या खुंटावर याचं कलम बांधतात. वेस्ट्रिंजिया सिडनीकडच्या समुद्रकड्यांवर वाढणारी, भारी मातीही सोसणारी. कलमी रोप महाग पडतं, पण ते पैसे वाया जात नाहीत. माझ्या रोपाच्या चिठ्ठीवर कलमाचा उल्लेखच नव्हता. खोडाच्या तळाशी जोडाची गाठ दिसली म्हणून कळलं. तुम्हीही माती थोडी बाजूला सारून बघा.

माझ्या मिंट बुशची जात प्रोस्टँथेरा रोटुंडिफोलिया. फूटभर उंच वाफा करून, मातीत जाड वाळू मिसळून एप्रिलमध्ये लावलं, तेही वाटेच्या अगदी कडेला. कारण याची खरी मजा वासात आहे. पान जेमतेम पाच-सात मिलिमीटरचं, गोलसर, जाडसर. चुरडलं की आधी पुदिना येतो आणि मागून निलगिरीच्या तेलाची थंड झणझण. जाता-येता बाही घासली तरी वास घरात येतो. हे तुळशीच्याच कुळातलं, आणि कोवळी फांदी बोटांत फिरवली की चौकोनी कडा लागतात. तुळशीची जागा ते घेत नाही, कुठलंच झाड घेत नाही. पण जून-जुलैच्या गारठ्यात तुळस खिडकीत कशीबशी तग धरून असते, तेव्हा अंगणात हे सदाहरित झुडूप बघून फार बरं वाटतं.

सप्टेंबरअखेर फुललं. जांभळी, दोन ओठांची फुलं इतकी लगडली की पानं दिसेनात. दिवसभर मधमाश्या. बहर टिकला तीनेक आठवडे, आणि मला तेवढा पुरला.

उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढचा उत्तरेचा वारा सुटला की शेंडे माना टाकतात. घाबरू नका, संध्याकाळी मुळाशी भरपूर पाणी दिलं की सकाळी ताठ. बागेत पाण्याची ओढ सगळ्यात आधी हेच झाड दाखवतं. दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा असेल तर उत्तम.

बहर संपला की लगेच एक तृतीयांश छाटा, पण पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नका. तिथून फुटवा येत नाही. शिवाय हे पिढ्यानपिढ्यांचं झाड नव्हे, बरीचशी मिंट बुश काही वर्षांतच थकतात. स्वयंपाकात मी वापरलेलं नाही. मसाल्यासारखी वापरतात ती मुख्यतः प्रोस्टँथेरा इन्सायझाची पानं, ती जात वेगळी.

छाटणीतले कोवळे शेंडे ओल्या वाळूत खोचले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी मूळ धरलंय. ती रोपं मात्र कुंडीतच वाढवणार, कारण त्यांच्याखाली वेस्ट्रिंजियाचा खुंट नाही.