डिजीलॉकर आणि एमपरिवहन: कागद दाखवायला झकास, झडतीला मात्र उपयोग नाही

आमच्या घरात ट्रक चालवतात आमचे हे, धाकटे दीर आणि एक जुने ड्रायव्हरकाका. कागद मी सांभाळते. फिटनेस कधी संपतोय, पीयूसी कोणाची राहिली, परमिटचे पैसे भरले का, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे रात्री-अपरात्री नाक्यावर गाडी अडवली की पहिला फोन मलाच येतो. डिजीलॉकर (सरकारी कागद मोबाईलवर ठेवायचं) आणि एमपरिवहन (गाडी आणि लायसनच्या कागदांचं) ही दोन्ही सरकारी अॅप मी तिघांच्या मोबाईलमध्ये टाकून दिली आहेत आणि बरेच दिवस वापरतोय, म्हणून लिहितेय.

आधी चांगलं. प्लास्टिकच्या फाईलमधली भिजलेली, घड्या पडून फाटलेली आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आता कोणाला दाखवावी लागत नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद मूळ कागदांइतकेच धरा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्येच राज्यांना कळवलं होतं. त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला आणि आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, लायसन, पीयूसी मोबाईलवर दाखवायची मुभा थेट नियमातच आली. १ ऑक्टोबर २०२० पासून तर आणखी पुढचं पाऊल: कागद ऑनलाइन पडताळून झाला असेल तर त्याची छापील प्रत मागायचीच नाही, आणि तपासणी कधी झाली, कोणत्या अधिकाऱ्याने केली याची नोंद पोर्टलवर करायची. ही नोंद आमच्या कामाची आहे. एकाच दिवशी तीन ठिकाणी तेच कागद पुन्हा पुन्हा बघायला लागू नयेत, हाच तिचा हेतू. नाक्यावरचे किती जण ती नोंद करतात, ते सोडा.

आता खाचाखोचा. डिजीलॉकरमध्ये आरसी येते ती मालकाच्या नावाने, आधारवरच्या नावाशी जुळवून. आमच्या काकांच्या डिजीलॉकरमध्ये त्यांचं लायसन येतं, आमच्या गाडीची आरसी कशी येणार? तिथे एमपरिवहन बरं पडतं. त्यात गाडीचा नंबर टाकून आरसी जोडता येते. बऱ्याच ड्रायव्हरना वाटतं की व्हॉट्सअॅपवर मालकाने पाठवलेला आरसीचा फोटो म्हणजे मोबाईलवरचा कागद. नव्हे. साहेबाने तो नाकारला तर भांडायला जागा नाही. घाटात रेंज नसली तर काय, याचं उत्तर मी काकांना आधीच देऊन ठेवलंय: निघण्यापूर्वी अॅप उघडून कागद एकदा समोर आणायचे, आणि चार्जर कॅबिनमध्ये. तरीही नाहीच दाखवता आले, तर गाडीचे कागद १५ दिवसांत सादर करायची सोय नियम १३९ मध्येच आहे. हे शांतपणे सांगायचं, आवाज चढवायचा नाही.

आता खरा मुद्दा. ही अॅप कागद दाखवण्यापुरती. गाडीची झडती ही वेगळी गोष्ट, आणि नाक्यावर या दोन्ही एकातच घुसतात. रेशनकार्ड बघितलं म्हणून कोणी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायला लागत नाही, पण ट्रकच्या बाबतीत आरसी बघता बघता ‘ताडपत्री सोड’ इथपर्यंत गाडी जाते.

दिरांचं तसंच झालं. साखरेची पोती भरून कोकणात उतरत होते. गणवेशातल्या पोलिसाने थांबवलं, मोबाईल बघितला, सगळं ठीक म्हणाला आणि मग पोती उतरवून दाखव म्हणाला. दिरांचा फोन आला, “वहिनी, आता काय करू?” मी स्पीकरवर घ्यायला सांगितलं आणि म्हटलं, “साहेब, संशय असेल तर झडती जरूर घ्या, आम्ही अडवत नाही. दोन पंच बोलवा, शूटिंग करा, आणि काही ताब्यात घेतलंत तर यादीची प्रत आमच्या माणसाला द्या.” पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग बॅटरी मारून मागून एक चक्कर झाली आणि गाडी सोडली. कायदा ऐकून सोडली की पाऊस सुरू झाला म्हणून, कोण जाणे.

मी बोलले ते हवेतलं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करायचं असतं, मोबाईलवर केलं तरी चालतं. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे पोलिसाने त्याची कारणं आधी लेखी नोंदवायची आणि त्या नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायच्या. संहितेत ‘जागा’ म्हटलं की त्यात वाहनही येतं, त्यामुळे ट्रक रस्त्यावर उभा आहे म्हणून हे नियम गळून पडत नाहीत. कलम १०३ मध्ये पंच, पंचनाम्याची यादी, आणि झडती चालू असताना तिथे हजर राहायचा हक्क आहे. म्हणून काकांना मी सांगितलंय, कोणी म्हणालं तू तिकडे जाऊन बस, तर हात जोडून तिथेच उभं राहायचं.

अंमली पदार्थांचा संशय असला तर गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० प्रमाणे अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं ड्रायव्हर म्हणू शकतो, आणि हा हक्क आहे हे त्याला आधी सांगावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या बलदेव सिंग निकालात हे स्पष्ट केलंय. पण हा हक्क अंगापुरता. पिशवी, कॅबिन, टूलबॉक्स यांना तो लागू नाही. २००५ चा पवन कुमार निकाल हेच सांगतो.

वजनकाट्याचं थोडक्यात: वजन करायला नेणं कायदेशीर आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११४ प्रमाणे पुढच्या वाटेपासून १० किलोमीटरच्या आतला काटा (किंवा माल उतरवायच्या ठिकाणापासून २० च्या आतला). काट्यावर जायला नकार दिला तर केंद्राच्या कायद्यात ४०,००० रुपये दंड आहे. ओव्हरलोडचा मूळ दंड २०,००० आणि वर दर जादा टनाला २,०००. म्हणजे जादा माल दहा टनांच्या आत असेल तर नकार देणंच जास्त महाग.

ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) तपासणारे जीएसटीवाले वेगळे. त्यांनी गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकवून ठेवली तर वाहतूकदाराला पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ हा फॉर्म भरता येतो. तो मी इथे घरी बसून भरते, ड्रायव्हरने तिथे वाद घालत बसायची गरज नाही. राज्यात एकदा तपासणी झाली की करचुकवेगिरीची ठोस खबर असल्याशिवाय पुन्हा माल उघडायचा नाही, हेही नियमात आहे. म्हणून तपासणीचा अहवाल मागून घ्यायचाच.

हे सगळं अॅपमध्ये कुठेच नाही. नाक्यावर थांबलेल्या माणसाला ‘तुमचे हक्क’ असं एक पान मराठीत टाकायला काय जातं? आम्ही आमचं पान केलंय. एका कार्डावर मी मोठ्या अक्षरात लिहून सनव्हायझरच्या मागे लावलंय. कोऱ्या कागदावर सही नाही. लायसन जप्त केलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे तात्पुरती पावती, ती मिळाल्याशिवाय हलायचं नाही, कारण त्या पावतीवर गाडी चालवता येते. अटक म्हणाले तर कारण विचारायचं आणि घरी कळवायला सांगायचं. मोफत कायदेशीर मदत १५१००. खाली माझा नंबर.

कागदांसाठी या दोन्ही अॅपना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मालक आणि ड्रायव्हर एकच असेल तर डिजीलॉकर पुरतं. ड्रायव्हर वेगळा असेल तर आरसीसाठी एमपरिवहन आणि लायसनसाठी त्याचं स्वतःचं डिजीलॉकर, दोन्ही हवीत. दोन्ही फुकट आहेत. आधारला जुना मोबाईल नंबर असेल तर मात्र आधी तो बदलून घ्या, नाहीतर ओटीपी भलत्याच फोनवर जाईल.